अंगठा परत परत दुखतोय आणि स्पेस चुकतेय? स्प्लिट कीबोर्डच्या थंब कीज नीट लावायच्या कशा

स्प्लिट कीबोर्ड, म्हणजे दोन हातांसाठी दोन वेगळे भाग असलेला, घेतल्यावर पहिले दोन आठवडे मस्त गेले, मनगटं सरळ, खांदे मोकळे, आणि मग उजव्या अंगठ्याच्या मुळाशी बारीक कळ यायला लागली. कीमॅप, म्हणजे कोणत्या बटणावर काय याची मांडणी, बदलला, चार दिवस बरं वाटलं, परत कळ. पुन्हा बदलला, पुन्हा तेच. असे जवळजवळ आठ महिने गेले. दुखणं मधे थांबायचं म्हणून मला दर वेळी वाटायचं की आता जमलं, आणि दर वेळी ते परत यायचं. ज्यांच्या बाबतीत हे असंच चाललंय त्यांच्यासाठी सगळं एका जागी लिहितोय, कारण मला हे तुकड्यातुकड्यात कळलं आणि त्यात खूप वेळ गेला.

आधी एक गोष्ट. अंगठ्याच्या तक्रारी दोन प्रकारच्या असतात, एक दुखण्याची आणि एक चुकण्याची, म्हणजे स्पेस पडत नाही किंवा नको तेव्हा पडते, लेयर (एक बटण धरलं की बाकीच्या बटणांना मिळणारी दुसरी कामं) लागत नाही वगैरे. आपण त्या वेगवेगळ्या समजून सोडवायला जातो आणि तिथेच फसतो. एकाच बटणाला टॅपला एक आणि दाबून धरल्यावर, म्हणजे होल्डला, दुसरं काम देता येतं, आणि किती वेळ दाबलं की होल्ड धरायचा त्या मुदतीला टॅपिंग टर्म म्हणतात. मी चुका कमी व्हाव्यात म्हणून ती वाढवली, तर लेयर लागायला जास्त वेळ जायला लागला, मग मी नकळत ते बटण जास्त जोरात आणि जास्त वेळ दाबून धरायला लागलो, आणि दुखणं वाढलं. मग दुखतंय म्हणून बटणांखालचे स्विच हलके टाकले, तर अंगठा नुसता टेकला तरी स्पेस पडायला लागली. एकाचा उपाय दुसऱ्याच्या मुळावर येत होता. दोन्हीचं मूळ एकच होतं: अंगठा जिथे आपोआप पडतो तिथे माझं काम नव्हतंच.

अंगठ्याचं घर शोधा

कीमॅपला हात लावायच्या आधी हे करा. हात मांडीवर ठेवा, डोळे मिटा, मग दोन्ही हात उचलून होम रोवर आणा, तर्जन्या एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर. आता अंगठे हलवू नका आणि डोळे उघडून बघा ते कुठे पडलेत. असं आठ-दहा वेळा करा, सकाळी एकदा आणि दिवसभर काम करून दमल्यावर एकदा, कारण दमलेला हात वेगळा पडतो. जिथे सगळ्यात जास्त वेळा पडेल ते तुमच्या अंगठ्याचं घर. दोन्ही हातांचं घर सारखंच निघेल असं नाही, माझं नाही निघालं.

दुसरी खूण कीकॅपवरच असते. एबीएस प्लास्टिकच्या कीकॅप वापरून वापरून चकाकतात आणि ती चकाकी नेमकी कुठे आहे ते दिव्याखाली तिरकं धरून बघायचं. माझ्या स्पेसच्या कॅपवर मधोमध काहीच नव्हतं, डाव्या कडेला नखाएवढी एक उभी पट्टी गुळगुळीत झाली होती आणि बाकीची कॅप अगदी नव्यासारखी खरखरीत. म्हणजे आठ महिने मी त्या बटणाच्या कडेवर कसाबसा पोचत होतो. ती पट्टी बघितली आणि मला खरंच वाईट वाटलं, कारण पुरावा रोज डोळ्यांसमोर होता. पीबीटी या दुसऱ्या प्लास्टिकच्या कॅप लवकर चकाकत नाहीत, त्या असतील तर वरचीच चाचणी करा. जुना साधा कीबोर्ड घरात असेल तर त्याच्या स्पेसबारवरही बघा, चकाकी उजवीकडे आहे की डावीकडे, त्यावरून तुमचा स्पेसचा अंगठा कोणता ते कळतं. बरेच जण एकच अंगठा वापरतात आणि दुसरा नुसता लोंबकळत असतो.

आता नावं ठरवून घेऊ म्हणजे गोंधळ नको. एका हाताला तीन थंब कीज, म्हणजे अंगठ्याची बटणं, आहेत असं धरा. त्यातलं एक तळहाताखाली येतं, अंगठा आत दुमडल्याशिवाय ते दाबता येत नाही, ते ‘आतलं’. एक ‘मधलं’. आणि एक दुसऱ्या हाताच्या दिशेला, अंगठा ताणून दाबायचं, ते ‘लांबचं’. कॉर्न या स्प्लिट कीबोर्डला एका हाताला अशी तीन असतात, लिली५८ ला चार, फेरिस स्वीप आणि व्हॉयेजरला दोन, ग्लोव्ह८० आणि एर्गोडॉक्सला सहा. आकडा मोठा दिसला की आपल्याला वाटतं किती सोय आहे, पण हात तोच आणि अंगठा तोच, त्यामुळे सहा असोत की तीन, न ताणता न दुमडता दाबता येणारी बटणं बहुतेक हातांना दोनच सापडतात. बाकीची क्वचित लागणाऱ्या गोष्टींसाठी.

आतलं बटण धरून ठेवू नका

या सगळ्यातलं एकच वाक्य लक्षात ठेवायचं असेल तर हे ठेवा.

अंगठ्याची ताकद चिमटीत असते, पेन धरणं, किल्ली फिरवणं, बाटलीचं झाकण उघडणं. तळहात खाली करून टेबलाच्या दिशेने दाबत राहणं हे त्याचं रोजचं काम नाही. तरी नुसतं टॅप करायचं असेल तर तो दिवसभर करतो, त्याची तक्रार नसते. पण अंगठा तळहाताखाली दुमडून तसाच धरून ठेवायचा आणि त्याच वेळी त्याच हाताची बोटं पसरून दुसरी बटणं गाठायची, हे केलं की मुळाजवळचे स्नायू सतत ताठ राहतात. अंगठा बाहेर खेचणारे दोन स्नायूबंध मनगटाच्या कडेला एकाच अरुंद खोबणीतून जातात, त्यांच्या आवरणाला सूज आली की त्या दुखण्याला डी क्वेरव्हेन म्हणतात, फ्रिट्झ डी क्वेरव्हेन या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं म्हणून. तुमचं दुखणं तेच आहे असं मी म्हणत नाही. पण मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला सूज दिसत असेल, मुंग्या येत असतील, कप उचलताना कळ येत असेल किंवा आठवडाभर टायपिंग कमी करूनही फरक पडत नसेल तर आधी डॉक्टरकडे जा, कीमॅप नंतर. मी दोन महिने उशीर केला, तुम्ही करू नका, कळकळीने सांगतोय.

माझी चूक इथेच होती. नंबरांचा लेयर डाव्या हाताच्या आतल्या बटणावर होता, का तर कुणाच्या तरी कीमॅपच्या चित्रात तसा होता. आणि नंबरांतले अर्धे डाव्याच हाताला होते, म्हणजे डावा अंगठा दुमडून धरायचा आणि डाव्याच बोटांनी वरची रांग गाठायची. आता लेयर धरणारा अंगठा एका हाताचा आणि त्या लेयरची बटणं दुसऱ्या हाताला, सगळे नंबर उजवीकडे नमपॅडसारखे. हा एकच बदल केला आणि डावीकडचं दुखणं तीन आठवड्यांत गेलं, परत आलेलं नाही.

आतल्या बटणाचं मग काय करायचं? माझ्याकडे ते रिकामंच आहे, कीमॅपमध्ये त्याला काहीच दिलेलं नाही, अंगठा टेकला तरी काही होत नाही. बटण वाया गेलं असं वाटतं सुरुवातीला, पण अंगठ्याला टेकायला बिनधोक जागा मिळते हा फायदा मला त्या एका बटणापेक्षा मोठा वाटतो. रिकामं नकोच असेल तर दिवसातून चार वेळा लागणारं काहीतरी ठेवा, स्क्रीनशॉट, म्यूट असलं. टॅप करायचं, धरायचं नाही.

कोणतं काम कुठे

स्पेस सगळ्यात जास्त लागते, तिला जोरकस अंगठ्याचं घर द्या, यात वाद नाही. पुढचा प्रश्न दुसऱ्या अंगठ्याच्या घरी काय. बॅकस्पेस, एंटर, शिफ्ट, लेयर, सगळेच दावेदार. थंब क्लस्टर, म्हणजे अंगठ्याच्या बटणांचे पुंजके, नवीन नाहीत, किनेसिसच्या खोलगट कीबोर्डवर १९९२ पासून डाव्या अंगठ्याला बॅकस्पेस-डिलीट आणि उजव्याला एंटर-स्पेस आहे, आणि त्याच्याही आधी माल्ट्रॉनने तर ई हे अक्षरच डाव्या अंगठ्याला दिलं होतं. म्हणजे ठराविक एकच उत्तर नाही. माझं मत असं की धरून ठेवायची गोष्ट घरी ठेवा आणि टॅप करायची गोष्ट शेजारी. टॅप हा क्षणाचा मामला, अंगठा जाऊन परत येतो. धरणं म्हणजे अंगठा तिथे मुक्कामाला जातो, आणि मुक्काम घरीच बरा. म्हणून दुसऱ्या घरी लेयर, त्याच्या शेजारी बॅकस्पेस, आणि स्पेसच्या शेजारी एंटर.

बॅकस्पेसबद्दल एक अडचण हमखास येते. तिला होल्डवर लेयर दिला की बॅकस्पेस दाबून धरून ओळ पुसता येत नाही, कारण धरलं की लेयर लागतो. क्यूएमके या कीबोर्डच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, एकदा टॅप करून लगेच परत दाबून धरलं की ती रिपीट होते, हे माहीत नसल्यामुळे लोक बॅकस्पेस भराभर आपटत बसतात. आणि हीच सोय स्पेसवर नडते: स्पेस मारली आणि लगेच त्याच बटणावर लेयर धरायला गेलात तर लेयरऐवजी स्पेसची रांग लागते. तुमची तक्रार ही असेल तर क्विक टॅप टर्म शून्य करा, मग रिपीट बंद होतो आणि लेयर नीट लागतो. झेडएमके या दुसऱ्या फर्मवेअरमध्ये याच कामाला क्विक टॅपची सेटिंग आहे.

मराठी टायपिंग आणि शिफ्ट

यावर थोडं जास्त लिहितो, कारण इंग्रजीत लिहिणाऱ्यांना हा त्रास जाणवतच नाही. त्यांना शिफ्ट वाक्याच्या सुरुवातीला लागते. इनस्क्रिप्ट या देवनागरीच्या कीबोर्ड मांडणीवर आपल्याला ती सारखी लागते, ख, घ, थ, ध, भ, ण, ळ, श सगळे शिफ्टवर, शब्दाच्या मधे, एकाच शब्दात दोनदा. करंगळीने हे दिवसभर करायचं म्हणजे करंगळी गेली कामातून, म्हणून शिफ्ट अंगठ्यावर आणायचा विचार अगदी बरोबर आहे. पण बहुतेक जण काय करतात, स्पेसच्याच बटणावर टॅपला स्पेस आणि होल्डला शिफ्ट देतात. मीही दिली होती.

मग काय होतं बघा. ‘काळ’ लिहायचंय. क आला, काना आला, आता अंगठ्याने शिफ्ट धरून ळ मारला, पण हात वेगात होता, २०० मिलिसेकंद व्हायच्या आत अंगठा उचलला गेला, तर फर्मवेअर म्हणतं हा टॅप होता, आणि पडद्यावर येतं ‘का ल’. क्यूएमके आणि झेडएमके दोन्हींत मुळात ही मुदत २०० मिलिसेकंद असते. बरं, म्हणून होल्ड ऑन अदर की प्रेस चालू केलं, म्हणजे दुसरं बटण दाबलं की लगेच होल्ड धरायचा, तर उलटी पंचाईत. ‘मी काल’ लिहिताना स्पेसवरून अंगठा पूर्ण उठायच्या आत क चं बटण दाबलं जातं, वेगात सगळ्यांचंच होतं, आणि पडद्यावर येतं ‘मीखाल’. एकतर स्पेस गेली आणि वर क चा ख झाला. असं दर दुसऱ्या ओळीला झालं की माणूस घाबरून घाबरून टाइप करतो, बटणं जोरात आपटतो, आणि अंगठा दुखतो. पुन्हा तेच चक्र.

मधला मार्ग परमिसिव्ह होल्ड, झेडएमकेमध्ये त्याच्या जवळचं बॅलन्स्ड. दुसरं बटण दाबून सोडलंही गेलं आणि अंगठा अजून खालीच आहे, तर होल्ड. वरच्या दोन्ही चुका बऱ्याच कमी होतात. पण मला विचाराल तर मराठी लिहिणाऱ्याने स्पेस आणि शिफ्ट एका बटणावर ठेवूच नये. माझ्याकडे आता शिफ्ट दुसऱ्या अंगठ्याच्या घरी आहे आणि ती वन-शॉट आहे, म्हणजे टॅप करून सोडून द्यायची, पुढचं एकच अक्षर शिफ्टचं येतं. ‘शाळा’ लिहिताना टॅप, श, काना, टॅप, ळ, काना. काहीच धरायचं नाही. अंगठ्याला हे इतकं हलकं वाटतं की सवय व्हायला दोनच दिवस लागले. आणि त्याच बटणाला होल्डवर लेयर. झेडएमकेमध्ये टॅपला स्टिकी शिफ्ट आणि होल्डला लेयर असं हवं ते जोडून वेगळं होल्ड-टॅप बनवता येतं. क्यूएमकेच्या साध्या लेयर-टॅपमध्ये टॅपच्या बाजूला फक्त साधी बटणं चालतात, तिथे थोडा कोड लिहावा लागतो. चुकून टॅप झाला तर? अक्षर काहीच उमटत नाही, फक्त पुढचं अक्षर शिफ्टचं येतं. झेडएमकेमध्ये तर एका सेकंदात पुढचं बटण दाबलं नाही की ती आपोआप सुटते. मधेच अडकलेल्या स्पेसपेक्षा हे खूप परवडतं.

कीमॅप ठीक आहे तरी दुखतंय

मग हात बघा. माझा उजवा अंगठा मधल्या आणि आतल्या बटणाच्या बरोबर फटीत पडायचा, आणि मी बटणांची अदलाबदल करत बसलो होतो. खरं कारण मनगटाखालची गादी. मनगट तिच्यावर टेकलं की हात थोडा मागे सरकायचा आणि अंगठा आत दुमडायचा. गादी काढली, टाइप करताना हात अधांतरी ठेवायला लागलो आणि फक्त थांबल्यावर टेकवायला, तर अंगठा सरळ मधल्या बटणावर यायला लागला. म्हणजे घर शोधायची चाचणी तुम्ही खरंच जसे बसता तसेच बसून करा, नाहीतर उपयोग नाही.

दोन भागांमधलं अंतर आणि त्यांचा कोनही बघा. कोपरापासून मधल्या बोटापर्यंत सरळ रेघ हवी. भाग फार जवळ असतील तर मनगट करंगळीकडे वाकतं आणि मग अंगठा प्रत्येक बटणासाठी ओढून न्यावा लागतो. टेंटिंग, म्हणजे दोन्ही भागांचा तंबूसारखा तिरकेपणा, वाढवलं असेल तर चाचणी परत करा, अंगठ्याची बाजू वर उचलली जाते आणि घर बदलतं.

कीकॅपची कड. उंच आणि उतरत्या कॅप असतील, चेरी किंवा ओईएम प्रोफाइलच्या, तर अंगठ्याकडे कोणती कड येतेय ते बोट फिरवून बघा. टोकदार कड लागत असेल तर कॅप काढून १८० अंशांत फिरवून बसवा. डीएसए किंवा एक्सडीए प्रोफाइलच्या कॅपला याने फरक पडत नाही, त्या सगळीकडून सारख्याच असतात. वरून फुगीर कॅप मिळाल्या तर अंगठ्यासाठी त्या छान.

स्विचचं म्हणाल तर आधी ठरवा की तक्रार कोणती. अंगठा नुसता टेकल्यावर बटण लागत असेल तर जड स्विच, चेरी एमएक्स रेड ४५ ग्रॅमच्या आसपास आहे, ब्लॅक ६० च्या. दुखत असेल तर हलका. दोन्ही होत असेल तर स्विचला हात लावू नका, जागा चुकलेली आहे. चोक या बुटक्या स्विचमध्ये २० ग्रॅमपर्यंत हलके मिळतात, बोटांना ते मजेशीर वाटतील पण अंगठ्याखाली मला ते कधीच जमले नाहीत, अंगठा टेकवायची सवय जात नाही.

बदल करताना

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि निदान दहा दिवस तशीच ठेवा. मी दर तीन दिवसांनी फर्मवेअर फ्लॅश करायचो, त्यामुळे बरं वाटलं तर कशाने ते कधी कळलंच नाही. नवी जागा पहिले दोन-तीन दिवस चुकीचीच वाटते, ती अडखळ म्हणजे दुखणं नव्हे, दोन्ही वेगळ्या ओळखायला शिका. मी कागदावर रोज दोनच गोष्टी लिहायचो, संध्याकाळी कुठे दुखलं आणि कोणती चूक सारखी झाली. तिसऱ्या आठवड्यात ‘उजवा, मुळाशी’ हे शब्द यायचे थांबले, तेव्हा कळलं की गादी हेच कारण होतं.

टॅपिंग टर्म बदलायची तर सगळ्या कीबोर्डची बदलू नका, प्रत्येक बटणाची वेगळी ठेवता येते. माझ्या डाव्या घरच्या बटणाला १७० मिलिसेकंद आहे आणि तिथे ती बसली, तुमच्या हाताला १५० बसेल किंवा २२०. दहा-दहाने सरकवत जा.

एक गोष्ट माझी अजून पूर्ण सुटलेली नाही. कंट्रोल धरून सी, व्ही सारखं सारखं करताना डाव्या लांबच्या बटणावर अंगठा ताणला जातो, कारण कंट्रोल तिथे आहे आणि सी, व्ही त्याच हाताला. सध्या कॉपी आणि पेस्ट दोन्ही उजव्या हाताच्या लेयरमध्ये वेगळी बटणं करून ठेवलीत, आज सहावा दिवस आहे, अजून चार दिवस काही बदलत नाही.